समासातली पेन्सिल

मिरजेच्या रक्तपेढीत, फ्रीजच्या घरघरीला पाठ लावून
मी एक रेघ शोधते आहे.
सहा वर्षांच्या नोंदी: कोणत्या दिवशी
प्लेटलेटच्या किती पिशव्या गेल्या.
पडद्यावर ठिपकेच ठिपके,
पोतं फाटून बाजरी सांडावी तसे.

पहिली रेघ सरळ.
तिला डेंग्यू माहीत नाही.
जानेवारीतून निघते ती डिसेंबरात पोचते,
कृष्णाघाटाच्या रस्त्यानं सायकलवर चाललेल्या
मान न वळवणाऱ्या मास्तरासारखी.
सप्टेंबरचा ढीग डोक्यावरून जातो,
मार्चचा खड्डा चाकाखालून.

दुसरी वाकडी, घातावर घात चढवलेली,
एकेका ठिपक्याच्या दारात जाऊन
"कसं काय, बरंय ना" विचारणारी.
जुन्या वर्षांत तिची एकही चूक नाही.
पुढचा आठवडा विचारला तर म्हणाली,
उणे चाळीस.
सतारमेकर गल्लीतले दस्तगीरचाचा हसले असते:
तार अशी लावू नये
की ती फक्त आजच्याच हवेत सुरात राहील.

तिसरीत मी महिने घातले, वार घातले,
पाऊस उघडल्यापासूनचे दिवस मोजून घातले.
ती शहाण्यासारखी वळते.
सरासरी चूक दीड पिशवी.
इनामदारबाई म्हणाल्या, "छान. हीच घे."

दीड पिशवी.
पाच दिवस टिकते प्लेटलेट,
बावीस अंशांवर, डुलत्या ट्रेमध्ये,
पाळण्यात घातलेली, पण झोपू द्यायची नाही अशी.
सहाव्या दिवशी कचऱ्यात.
दीड जास्त, म्हणजे कुणाचा तरी दंड उगाच टोचला.
दीड कमी, म्हणजे
गणिताला दोन्ही दीड सारखेच.
वर्ग केला की उणेसुद्धा अधिक होऊन बसतं.

रूबेनकाका आवळे, एकतीस वर्षं याच टेबलावर,
चष्मा कपाळावर ढकलून कॅलेंडर बघतात:
"गुरुवारी अकरा."
कसे?
"दहा लागतील वाटतंय. म्हणून अकरा."
त्यांचे अंदाज मी गुपचूप तपासले.
माझ्याहून जास्त चुकतात,
पण चुकतात एकाच बाजूला.

विचारलं, तर त्यांनी खणातून वही काढली.
"पोरी, तू ज्यातून रेघ ओढतेस ना,
ते दिलेलं आहे. मागितलेलं नव्हं."

सोळा सप्टेंबर. माझ्या फायलीत तीन.
तीनच होत्या, तीन गेल्या.
वहीच्या समासात पेन्सिलीनं:
म्हैसाळ, बाई, २८, सांगलीला धाडली.
आरग, मुलगा, ९, कोल्हापूर.
बेडग, पुढचं खोडरबरानं पुसलेलं.

मशीनला मी ती रात्र
शांत रात्र म्हणून शिकवली होती.

आता दोन दिवस समास टाइप करते आहे.
शिसं पार फिकटलंय, पण दिवा तिरका धरला
की कागदातला खळगा दिसतो.
तीनाचे सहा झाले.
एका शून्याचे चार.
बेडगपाशी काका काही बोलले नाहीत, मीही एक मोजला.

नवी रेघ ठिपक्यांमधून जात नाही,
वरच्या अंगानं जाते, दहातले नऊ पोटाशी घेऊन.
बाईंनी विचारलं, वाया किती जातील?
मी आकडा सांगितला.
त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या,
मग सहीसाठी पेन मागितला.

गुरुवारी रेघ म्हणते बारा.
"मग तेरा लिही," काका म्हणतात.
अहो, वरची एक त्यात धरलेलीच आहे.
"असू दे," म्हणत ते ब्लेडनं
पेन्सिलीला टोक काढायला बसतात.